देवाची जीप डावीकडे वळेना

आबा परब अंगाला साबण लावून, डोळे मिटून पाटावर बसले होते, तेव्हा मी त्यांच्या न्हाणीघरात जीप घेऊन शिरलो.

अख्खी जीप शिरली नाही. बॉनेट आत आणि बाकी सगळं अंगणात. चिऱ्यांची नवी भिंत होती, वर गुलाबी लाद्या, सिमेंट अजून ओलं होतं. पाहुण्याला वाट करून द्यावी तशी ती दोन्ही बाजूंना सरकून बसली. आबांना खरचटलंसुद्धा नाही. त्यांनी डोळे न उघडता तांब्यासाठी हात पुढे केला. हाताला हेडलाइट लागला. तो त्यांनी थोडा वेळ चाचपून पाहिला.

"कोण ता?" त्यांनी विचारलं.

"मी दिगू," मी म्हटलं. "तुमका न्हेवक इलंय."

हे खोटं नव्हतं. आबा देवस्थान समितीचे अध्यक्ष. त्या दिवशी त्यांना आणि मानकऱ्यांना शेजारच्या गावच्या देवाकडे न्यायचं होतं आणि सुरुवात आबांपासून करायची होती. फक्त त्यांना अंगणातून घ्यायचं ठरलं होतं.

मी तेव्हा देवाचा ड्रायव्हर होतो. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, पण तसा कागद होता. आमच्या खोलवड्याच्या एका मुंबईकर भक्ताची कसलीशी मोठी इच्छा पुरी झाली आणि त्यानं जीप वाहिली. देवस्थानाच्या नावावर न घेता त्यानं ती थेट देवाच्या नावावर घेतली. कागदावर मालक: श्री देव खोलेश्वर. पुढे वडिलांच्या नावाचा रकाना होता. आरटीओतल्या कारकुनानं विचारल्यावर आमच्या भाऊ गुरवानं सांगितलं, "स्वयंभू." कारकुनानं तसंच लिहिलं. एवढा सरळ मालक मला पुन्हा मिळाला नाही. कधी ओरडला नाही, कधी मागच्या सीटवरून 'हळू चालव' म्हणाला नाही.

त्या सकाळी देवळामागच्या शेडमधून मी गाडी काढली. उतारावरची पहिली दोन डावी वळणं जड गेली. वाटलं, चाकात हवा कमी असेल. तिसरं वळण आबांच्या घराशी. तिथं मी स्टेअरिंग डावीकडे ओढलं आणि ते कुणी आतून धरून ठेवल्यासारखं घट्ट बसलं. उजवीकडे जात होतं. पण उजवीकडे दरी होती. समोर न्हाणीघर होतं. मी ब्रेक दाबला, ब्रेकनं आपल्या वयाप्रमाणे थोडा विचार केला आणि मधल्या वेळात आम्ही पोचलो.

आता यात एक गोष्ट माझ्या विरुद्ध जात होती. आबांच्या अंगणात वैजू कपडे वाळत घालत होती.

वैजू म्हणजे आबांची मुलगी वैजयंती. तिचं माझं लग्न ठरत आलं होतं. आबांना मी पसंत होतो, कारण देवाचा ड्रायव्हर म्हणजे आबांच्या हिशेबानं अर्धा सरकारी माणूस. वैजूला मी पसंत होतो, कारण आमचं आधीच ठरलं होतं. हे मात्र गावात कुणाला माहीत नव्हतं आणि कळून चालणारही नव्हतं. गावाच्या दृष्टीनं मध्यस्थ मंडळी आली, त्यांनी पत्रिका पाहिली, आम्ही दोघांनी खाली मान घालून 'मोठ्यांची मर्जी' म्हटलं. मी तर तिचं नाव पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवलं आणि तिच्याच काकाला विचारलं, "शिकलेली आसा मां?"

नापसंती एकाच माणसाची होती. वैजूच्या आईची, माईची. माईला मुंबईचा जावई हवा होता, बँकेतला, पंख्याखाली बसणारा. मी तिच्यासमोर आलो की ती माझ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघायची. मी घरात चिखल आणला आहे का, एवढंच तिला तपासायचं असायचं. त्या दिवशी मी चिखल, माती, चिरे आणि बंपर असं सगळंच आणलं होतं.

माई स्वयंपाकघरातून आली. तिनं पंचा आबांच्या अंगावर टाकला, गाडीकडे पाहिलं, मग दोरीवरच्या कपड्यांकडे, मग वैजूकडे, मग माझ्याकडे. आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा शांत आवाजात म्हणाली, की ज्याची नजर रस्त्यावर ठरत नाही, त्याच्या हातात आपण मुलगी देणार होतो.

मी म्हटलं, स्टेअरिंग वळलं नाही. माई म्हणाली, मान वळली होती ना.

यावर वाडी हसली. मला कळलं की माझं लग्न गेलं.

आबांनी साबण धुतला, कपडे केले आणि मगच निकाल दिला. माणूस न्यायी होता. म्हणाले, मेस्त्रीला बोलावू. "गाडी बिघडलेली आसात, तर ठरल्याप्रमाणे साखरपुडो. तू बिघडलेलो आसशीत, तर गाडयेची चावी गुरवाकडे दी आनी माझ्या दाराकडे फिरकू नको." माईनं 'दाराकडे' या शब्दावर जोरात मान हलवली.

गाडी ढकलत पुन्हा देवळाच्या आवारात नेली. कुडाळहून इनास मेस्त्री आला. इनास भला माणूस, पण त्याचं पोट त्याच्या अर्धा मिनिट आधी पोचायचं. त्यानं बंपर पाहिला, पुढची चाकं पाहिली, स्टेअरिंग धरून हलवलं. उजवीकडे फिरलं. डावीकडे थोडं जाऊन अडलं. मला धीर आला.

"फुडून मार बसलो, म्हनान दांडो वाकलो आसतलो," तात्या गावकर म्हणाला. तात्या पाच मानकऱ्यांपैकी पहिल्या मानाचा. त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण पहिलं बोलायचा मान त्याचाच होता.

माझा धीर गेला. कारण प्रश्न तोच होता. आपटल्यामुळे दांडा वाकला असेल, तर चूक माझी. आपटण्याआधीच त्यात काही अडकलं असेल, तर चूक गाडीची. इनास म्हणाला, दांडा उघडा करून बघावा लागेल. स्टेअरिंगच्या चाकापासून खाली पेडलांपर्यंत जो दांडा जातो, तो सरळ आहे का, त्याला चीर गेली आहे का, खालचा जोड सुटला आहे का. त्यानं वाकून डॅशबोर्डखाली पाहिलं आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मला वाटलं पोट अडकलं.

"दांडो खय आसा?" त्यानं विचारलं.

दांडा दिसत नव्हता. त्याचं कारण सांगायला हवं.

गाडी आली त्या दिवशी प्रश्न निघाला की स्टेअरिंगला पहिला दोरा कुणी बांधायचा. आमच्याकडे मानावरून भाऊ भावाशी बोलत नाही, तिथं गाडीचा मान म्हणजे थट्टा नव्हे. शेवटी पाचही मानकऱ्यांनी एकाच वेळी पाच दोरे बांधले. मग वाद निघाला की वरचा दोरा मोठा की खालचा. एक म्हणाला, वर तो श्रेष्ठ. दुसरा म्हणाला, मुळाशी असतो तो श्रेष्ठ. तेव्हापासून दर दसऱ्याला निम्मे मानकरी वर बांधत आणि निम्मे डोकं खाली घालून मुळाशी. एकाचा दोरा दुसऱ्यानं सोडायचा नाही, हा नियम. वर्षं गेली. दांडा आधी मनगटाएवढा झाला, मग दंडाएवढा, आणि आता तो लाल-पिवळ्या दोऱ्यांचा एक बाळसेदार खांब होता. मधूनमधून त्यातून ताईत आणि सुपाऱ्या डोकावत होत्या.

"ह्या कापूक लागतला," इनास म्हणाला आणि खिशातून चाकू काढला.

पाच मानकरी एकदम एक पाऊल पुढे आले. इनासनं चाकू मिटला. म्हणाला, मी ख्रिस्ताव माणूस, तुमच्या देवाचे दोरे मी कापणार नाही. उद्या तुमच्या कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं तरी माझं नाव येईल.

मानकऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. दोरे देवाचे, गाडी देवाची, मालकाला विचारा. आबांनी भाऊ गुरवाला खूण केली.

आमच्याकडे देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हणजे देवालाही डावं-उजवं दोन्ही जमत होतं. अडचण फक्त त्याच्या गाडीला होती.

भाऊ गुरवानं हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा खोलेश्वरा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत. तुझी जी काय गाडी, तिचो जो काय स्टेरिंगाचो दांडो, तो उजवीकडे जाता पन डावीकडे वळना नाय. तेची जी काय अडचन आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. इनाससुद्धा म्हणाला. त्याला सवय होती.

"आनी तेच्यासाठी ह्ये दोरे कापूक तुझी परवानगी आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

डावी पाकळी पडली.

माईनं मागच्या बायकांतून एक समाधानाचा सुस्कारा सोडला. तो मला ओळखता आला. मी गुरवाच्या कानाशी लागलो आणि म्हटलं, कापू नका म्हणतो, सोडू नका म्हटलेलं नाही. गुरवानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं झालं. ज्यानं बांधला त्यानं आपापला दोरा सोडावा का? उजवी पडली.

मग तास-दोन तास खोलवड्यात जे चाललं ते डोळ्यांपुढे आणा. गावचे पाच वजनदार मानकरी, धोतर सावरत, एकेक करून जीपमध्ये डोकं खाली आणि पाय वर करून आपापल्या गाठी शोधत होते. वरची गाठ सुटल्याशिवाय खालची सुटणार नाही हे उघड झालं, तेव्हा सगळ्यांनाच आपला दोरा मुळाशी असल्याचं आठवलं. एक मानकरी मुंबईला होता. त्याच्या वतीनं त्याच्या चुलत भावानं गाठी सोडल्या. प्रत्येक गाठीआधी तो पायाच्या बाजूनं ओरडून सांगायचा की आपण फक्त प्रतिनिधी आहोत. तात्याचं शेंडीतलं फूल क्लच पेडलाला अडकलं. सुपाऱ्या घरंगळत होत्या, ढोलवाला बसल्या जागी पेंगत होता, आणि वैजू सभामंडपाच्या खांबाआड उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. माझं आयुष्य पणाला लागलेलं होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं. तिच्याशी लग्न करायचंच, हे मी तेव्हा पक्कं केलं.

शेवटी दांडा दिसला. काळा, तेलकट आणि अगदी सरळ.

इनासनं टॉर्च मारून वरपासून पाहिलं. वाक नाही, चीर नाही. ज्या पट्टीनं तो डॅशबोर्डला धरलेला असतो, ती जागच्या जागी. बोल्ट घट्ट. म्हणजे मार दांड्यापर्यंत पोचलेलाच नव्हता. पण म्हणजे गाडीत दोषही सापडला नव्हता. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत साबण अजून होता.

"खालचो जोड ऱ्हवलो," इनास म्हणाला. जोड अगदी खाली, पेडलांच्या मागे. तिथं त्याचं पोट जाणार नव्हतं. "तू बारीक आसस. आत घूस, हात घाल आनी काय लागता ता सांग."

मी पाठीवर झोपलो, डोकं पेडलांखाली सरकवलं आणि हात वर घातला. जोड लागला. त्याच्या आणि पेडलांच्या पट्टीच्या मधे काहीतरी होतं. कापडात गुंडाळलेलं, कडक, सुपारीपेक्षा मोठं. इनासला मी स्टेअरिंग हळू फिरवायला सांगितलं. उजवीकडे फिरवलं की ते सैल व्हायचं, डावीकडे फिरवलं की पाचरीसारखं आत जायचं.

सापडलं होतं. मी ओरडणारच होतो. तेवढ्यात टॉर्चचा उजेड कापडावर पडला.

पोपटी खण, जांभळ्या काठाचा. मला बघायला बोलावलं होतं तेव्हा वैजूनं घातलेलं ब्लाउज याच खणाचं होतं. मान खाली घातलेली असूनही तेवढं मी पाहिलं होतं.

माझ्या डोक्यात सगळा उलगडा झाला. आदल्या दिवशी सोमवार होता. बायका देवळात आल्या होत्या. वैजूनं नवस बोलून, सगळ्यांची नजर चुकवून, देवाच्या गाडीला, तेही मुळाशी, आमच्या लग्नासाठी पुरचुंडी बांधली होती. वेडी पोरगी. लग्न व्हावं म्हणून जे बांधलं, त्यानंच ते मोडायला आलं होतं.

आता ते दाखवलं तर मी निर्दोष. पण पाच मानकऱ्यांसमोर, सगळ्या गावासमोर पुरचुंडी सुटणार, खण ओळखला जाणार, आणि परबांची मुलगी ड्रायव्हरसाठी देवाच्या गाडीखाली शिरली, हे पुढची वीस वर्षं दशावताराच्या मध्यंतरात सांगितलं जाणार. आणि नाही दाखवलं तर स्टेअरिंग छान वळणार, दांडा सरळ, जोड साफ, आणि मी कपड्यांकडे बघत आबांच्या आंघोळीत घुसलेला माणूस.

"काय लागता रे?" इनासनं विचारलं.

"काय नाय," मी म्हटलं आणि पुरचुंडी ओढली.

ती जोरात सुटली. आत पितळी करंडा होता. त्याचं झाकण उडालं आणि करंडाभर कुंकू माझ्या तोंडावर पडलं. डोळ्यांत गेलं, नाकात गेलं, तोंडात गेलं. मी आंधळ्यासारखा करंडा आणि खण खिशात कोंबला आणि बाहेर पडायची धडपड करू लागलो. पाय आधी बाहेर आले, मग मी. उभा राहिलो तो दोन्ही हात पसरून, कारण मला काही दिसत नव्हतं. अंग थरथरत होतं, कारण शिंक येत होती आणि येत नव्हती.

कुणीतरी बाई किंचाळली. ढोलवाला दचकून जागा झाला, समोर लालभडक तोंडाचा माणूस थरथरताना पाहिला आणि सवयीनं त्यानं ढोलावर काठी टाकली.

झालं. ढोल वाजल्यावर मग शंका उरत नाही.

"अवसर इलो," भाऊ गुरव म्हणाला. अवसर म्हणजे देव अंगात येणं. आमच्याकडे तो ठरावीक माणसांच्या अंगात येतो, ठरावीक दिवशी. पण गाडीखालून येण्याची ही पहिलीच वेळ होती. गुरवानं माझ्या अंगावर तांदूळ टाकले. रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोन तू?"

"दिगू," मी म्हटलं.

लोक हात जोडून उभेच राहिले. देव पहिल्या झटक्याला खरं नाव सांगत नसतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

आबा पुढे आले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. दुपारपर्यंत ते मला 'मेल्या' म्हणत होते, आता 'देवा' म्हणाले. विचारलं, "ड्रायव्हर निर्दोष आसा काय?"

तेव्हा शिंक आली. मोठी, सगळं अंग हलवणारी. आणि ड्रायव्हर माणूस उजवीकडेच शिंकतो. डावीकडे मानकरी बसलेले असतात.

"उजवो कौल!" गुरव ओरडला.

शिंक हा अपशकुन नाही का, असं कुणीतरी पुटपुटलं. गुरव म्हणाला, माणसाची शिंक अपशकुन, देवाची शिंक कौल. तात्या गावकरानं वेळ घालवला नाही. बांधाच्या दाव्यात आपण जिंकू का, हे विचारून टाकलं. मी उजवीकडे शिंकलो. त्याच्या पाठीमागे त्याचा प्रतिवादी उभा होता, त्यानंही तेच विचारलं. मी उजवीकडे शिंकलो. लोकांनी रांग धरली.

मी डोळे चोळत होतो आणि एकाच गोष्टीची वाट बघत होतो. कुणीतरी लग्नाचं विचारा. नाकातलं कुंकू संपत आलं होतं. कुणाची गाय, कुणाची बदली, कुणाचा गुडघा, माझ्या सगळ्या शिंका परमुलखात खर्च होत होत्या.

आणि मग ढोल थांबला. रांग बाजूला झाल्याचं पावलांवरून कळलं. कुणीतरी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. बांगड्या वाजल्या. एक बोट माझ्या कपाळावरून फिरलं. मग त्या बोटावरचं कुंकू दुसऱ्या बोटानं चोळल्याचा बारीक आवाज आला, आणि वास घेतल्याचा.

मी एक डोळा कसाबसा उघडला. माई होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या पायांकडे न बघता तोंडाकडे बघत होती.

"लगीन लावा," ती म्हणाली.

आबांना वाटलं तिनं प्रश्न विचारलाय. ते माझ्या नाकाकडे बघत थांबले.

"अगो, पन देवाक इचारूक व्हया..."

"इचारून झाला," माई म्हणाली आणि वळून चालायला लागली.

तिचं मन असं एका क्षणात कशानं वळलं, हे गावात कुणालाच कळलं नाही. मलाही नाही. लोकांनी ते देवाच्या खाती टाकलं, मीही टाकलं. इनासनं स्टेअरिंग डावीकडे फिरवून पाहिलं. लोण्यासारखं वळलं. त्यानं आबांना सांगितलं, दांडा सरळ, जोड साफ, दोऱ्यांनी जड झालं होतं, दोष कुणाचाच नाही. पाचही मानकऱ्यांनी 'कुणाचाच नाही' हे दोनदा म्हणायला लावलं. मग हात पुसत इनास माझ्याकडे आला.

"तुझ्या खिशातसून तांबडा काय गळता?"

"पान खाल्लेलंय."

"खिशान?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, पाद्रीबाबाजवळ मी फक्त माझ्या थापा कबूल करतो, दुसऱ्याच्या नाही. आणि गेला.

लग्न झालं. वरात देवाच्याच जीपमधून निघाली, मालकाच्या परवानगीनं. पाच मानकऱ्यांनी स्टेअरिंगला पुन्हा पाच दोरे बांधले. या वेळी सगळ्यांनी वर बांधले.

लग्नानंतरची पूजा आटोपली त्या दुपारी मी वैजूला एकटीला गाठलं आणि खिशातून करंडा काढून तिच्या हातावर ठेवला. खणासकट. माझ्या मनात बरंच मोठं भाषण होतं. तुझ्या नवसासाठी मी गावासमोर गुन्हेगार व्हायला तयार होतो, वगैरे. पहिलं वाक्य मी म्हटलंही.

वैजूनं करंडा उलटा करून बुडाशी पाहिलं.

"ह्यो माझो न्हय," ती म्हणाली. "आयेचो."

मी म्हटलं, पण खण तुझ्या ब्लाउजचा आहे. ती म्हणाली, खण आईचाच, उरलेल्याचं माझं ब्लाउज. आणि लग्नाआधी मी करंडाभर कुंकू घेऊन कुठं फिरणार होते? हे कुंकूही आई घरी करते, तिचं तिला वासावरून कळतं.

मी रिकाम्या करंड्याचा वास घेऊन पाहिला. मग वैजूला हसू यायला लागलं. खांबाआड आलं होतं तसंच. म्हणाली, तुमचं तुम्ही परत नेऊन द्या.

वैजूच्या माहेरपणाला गेलो तेव्हा नेऊन दिला. माई मागच्या अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. शेजारीच न्हाणीघराची नवी भिंत होती. आधीच्या गुलाबी लाद्या पुन्हा मिळाल्या नव्हत्या, तेवढा भाग हिरवा होता. मी करंडा तिच्यासमोर ठेवला. तिनं तो उचलला, झाकण उघडून रिकाम्या करंड्यात पाहिलं, झाकण लावलं.

"गावासमोर कित्या नाय दाखवलंस?"

मी म्हटलं, मला वाटलं वैजूचा आहे.

"आनी माझो म्हनान कळला आसता तर?"

मी खरं सांगितलं. दाखवला असता.

ती पहिल्यांदा हसली. थोडंच. मग बिया पसरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी देवाक सांगलेलंय, हो ड्रायव्हर जावय होवन माझ्या दारातसून घरात येवक नको."

आम्ही दोघांनी हिरव्या लाद्यांकडे पाहिलं.

"दारातसून नाय इलंय," मी म्हटलं.

"ता माका त्याच दिवशी कळला," माई म्हणाली. "माझा तेना आयकला. आता तेच्याकडे आनी काय मागूचा." तिनं बियांचं सूप बाजूला सारलं आणि उठली. "चल, जेवन घी."

आणि ती पुढं होऊन थांबली, मी दारातून आत येईपर्यंत.

ती जीप आता नाही. पण माझ्या स्वतःच्या गाडीला दर दसऱ्याला माई दोरा बांधते, सगळ्यांसमोर, वरच्या बाजूला. मी नमस्कार करतो. मग ती घरात गेली की एकदा डावीकडे वळवून बघतो.